नळी घालतानाच ती काढण्याचा कागद द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत नाकात नळी आणि गालावर टेप असलेले एखादे तरी मूल रांगेत दिसते. कोणी अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले, कोणाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, कोणाला सेरेब्रल पाल्सी, कोणाची अन्ननलिका जन्मतःच तुटक. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘आरटी फीड चालू ठेवा’, म्हणजे नाकातून जठरात गेलेल्या नळीतून (राइल्स ट्यूब) दूध-अन्न देत राहा. किती मिली, दर किती तासांनी, सिरिंज किती उंच धरायची, हे नर्स आईला नीट शिकवते आणि आई ते चोख करते. पण ही नळी किती दिवसांची, ती काढायचे कोणी ठरवायचे आणि तोपर्यंत तोंडाचे काय करायचे, याबद्दल कार्डावर अक्षर नसते. थोड्या आठवड्यांसाठी घातलेली नळी मग वर्षानुवर्षे राहते.

लहान मुलांच्या खाण्या-गिळण्याच्या अडचणींवर आम्ही काम करतो. आमची मागणी एवढीच, की ज्या दिवशी नळी घातली त्याच दिवशी ती सुटण्याच्या वाटेचा कागद मराठीत पालकांच्या हाती पडावा. त्या कागदावर काय असावे ते पुढे लिहितो आहोत, कारण असा कागद मिळायची वाट न पाहता आजच ज्यांना हे हवे आहे अशी घरे या शहरात खूप आहेत.

नळीवरचे मूल तोंडाने का खात नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. ‘नाटक करते’, ‘लाडावलंय’ असे घरचे म्हणतात, ते खरे नाही. या मुलाच्या तोंडात आजवर गेले काय, तर कफ ओढून काढणारी सक्शनची नळी, व्हेंटिलेटरची नळी आणि कडू औषधे. तोंडाजवळ हात आला की टेप ओढला जाणार, हेही त्याला ठाऊक असते. त्यात नाकातली नळी घशातून खाली जाते, म्हणजे दर घोटाला घशाला काहीतरी घासते. शिवाय जठराच्या तोंडाशी असलेली झडप नळीमुळे नीट मिटत नाही आणि दूध वर येते. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे दर दोन-तीन तासांनी पोट भरले जात असल्याने भूक म्हणजे काय हे त्याच्या शरीराला कळतच नाही.

तरीही सुरुवात भुकेपासून करायची नाही. सुरुवात होते गिळणे सुरक्षित आहे का, या प्रश्नापासून. घोट घेतल्यावर आवाज ओलसर, गुरगुरल्यासारखा होणे, डोळ्यांत पाणी येणे, नाकपुड्या फुलणे, ओठांचा रंग बदलणे, दर महिन्या-दोन महिन्यांनी ताप आणि छाती भरणे ही धोक्याची लक्षणे. पण काही मुलांचे अन्न श्वासनलिकेत जाते आणि ती खोकतही नाहीत. म्हणून ‘खोकला येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा. शंका असेल तर बेरियम मिसळलेले अन्न देऊन एक्स-रेच्या पडद्यावर घोट पाहण्याची तपासणी करतात, किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहतात. दोन्हींतून कळते की मूल पातळ गिळू शकते की फक्त घट्ट, आणि कोणत्या बैठकीत. चयापचयाचे जन्मजात आजार, साखर एकदम खाली जाण्याची प्रवृत्ती, किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन असलेल्या मुलांचे फीड घरी स्वतःहून एक मिलीही कमी करू नये.

तपासणी व्हायची आहे, तारीख लांबची आहे, तरी तोंड रिकामे ठेवू नये. नळी असेपर्यंत रोज दोन वेळा दात किंवा हिरड्या घासायच्याच. तोंडाने न खाणाऱ्या मुलाच्या दातांवर कीटण लवकर साचते, आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरले तर न्यूमोनिया होतो. तोंडाला स्पर्श करायचा तो एकदम नाही. आधी हात, मग खांदा, गाल, ओठांची कड, आणि तिथे मुलाने मान वळवली नाही तर हिरडी. दुसरी गोष्ट, नळीचे फीड पलंगावर एकटे आडवे ठेवून देऊ नये. घरचे जेवायला बसतात तेव्हा मुलाला मांडीवर किंवा खुर्चीत घेऊन तिथेच फीड द्यावे. वास, ताटांचे आवाज, हातात रिकामा चमचा आणि त्याच वेळी पोट भरणे, यांची सांगड बसायला हवी. दहा बाय बाराच्या खोलीतही हे जमते, त्याला वेगळी जागा लागत नाही. गिळणे सुरक्षित ठरले की वरणात बुडवलेल्या बोटाचा ओठांना स्पर्श, एक-दोन थेंब, दिवसातून पाच वेळा पाच-पाच मिनिटे. त्याहून जास्त नको.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा रस्ता थोडा निराळा आणि बहुधा छोटा असतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी नळीतून दूध जात असताना बाळाला, दूध काढून रिकाम्या केलेल्या स्तनाला लावावे. पोटात काही गेले नाही तरी चोखण्याचा सराव होतो, आणि अशी बाळे नळीवरून तोंडी दुधावर लवकर येतात. मग पालाडाई (चोच असलेली छोटी वाटी) किंवा वाटी-चमचा आणि हळूहळू थेट अंगावर. शीव रुग्णालयात १९८९ मध्ये देशातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. नवजात बाळांच्या बाबतीत या शहराने देशाला वाट दाखवली आहे. वाचवलेल्या त्या बाळांचे पुढचे खाणेही त्याच काळजीने पाहिले जावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता भुकेचा हिशेब. हा भाग कागदावर आकड्यांत असला पाहिजे, कारण ‘फीड हळूहळू कमी करा’ एवढ्या सांगण्याने काहीच होत नाही. उदाहरण म्हणून १० किलोचे मूल घेऊ. त्याला दर तीन तासांनी १५० मिली, दिवसाला सहा वेळा, म्हणजे ९०० मिली फीड आहे आणि एका मिलीत साधारण एक कॅलरी आहे.

पहिल्यांदा प्रमाण कमी करायचे नाही, वेळा बदलायच्या. आठवडा-दोन आठवड्यांत सहाऐवजी पाच फीड, प्रत्येकी १८० मिली, आणि तेही घरच्या जेवणाच्या वेळांना. सकाळी ८, साडेअकरा, ३, साडेसहा, रात्री १०. मध्ये काही नाही. उलटी होत असेल तर फीड वीस-तीस मिनिटांत संथ जाऊ द्यावे, सिरिंजचा दट्ट्या दाबून ढकलू नये. रात्रभर पंपाने किंवा थेंब-थेंब फीड चालू असेल तर ते दिवसाकडे सरकवावे, नाहीतर सकाळी भूक लागतच नाही.

हे पोटात टिकू लागले की प्रत्येक फीडच्या आधी वीस मिनिटे तोंडाने. खाईल ते खाईल, उरलेले नळीतून. या पायरीवर बरीच घरे अडकतात, कारण तोंडाने दोन चमचे गेले तरी नळीचे माप पूर्ण १८० च ठेवले जाते. मूल ज्या वेळी सगळ्यात ताजेतवाने असते त्या एका वेळचे फीड पावभाग कमी करावे, १८० चे १३५. बाकी चार तसेच. दुधाचे ४५ मिली कमी झाले तेवढे पाणी नळीतून नंतर द्यायचे. आधी दिले तर तेच पोट भरेल. पाणी विसरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि एप्रिल-मेच्या मुंबईत ती महागात पडते. १० किलोच्या मुलाला दिवसाला सगळे धरून साधारण एक लिटर द्रव लागते.

तीन ते पाच दिवस पाहावे. लघवी दिवसात चार वेळांहून कमी झाली, गडद झाली किंवा आठ तास झालीच नाही, तर नळीतून पाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी, कमीत कमी कपड्यांत. जवळच्या आपला दवाखान्यात किंवा अंगणवाडीत काटा असतो, पण दर वेळी तोच असावा. दोन काट्यांतला दोनशे ग्रॅमचा फरक घरात विनाकारण रडारड घडवतो. दोन आठवडे वजन जागच्या जागी राहिले तरी घाबरू नये. ५ टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे या मुलात अर्धा किलो, तर मागच्या पायरीवर जावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाचे वजन जराही घटले तर थांबून विचारावे. सगळे ठीक असेल तर दुसऱ्या वेळचे फीड पावभाग कमी करायचे. असे एकेक.

युरोपातल्या काही केंद्रांत, विशेषतः ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये, फीड काही दिवसांत झपाट्याने कमी करतात. ते डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट यांच्या रोजच्या देखरेखीत चालते. त्याचे व्हिडिओ पाहून घरी ‘दोन दिवस उपाशी ठेवू, मग खाईल’ असा प्रयोग कृपया कोणी करू नये.

तोंडातून द्यायचे काय, याबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. पातळ म्हणजे सोपे, असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात गिळण्याचा मेळ कच्चा असलेल्या मुलाला साधे पाणी सर्वांत कठीण, कारण ते घसा तयार होण्याआधीच खाली धावते. त्याहून कठीण म्हणजे दोन प्रकार एकत्र: वरच्या पाण्यासकट आमटी-भात, दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेले बिस्किट. पातळ भाग आधी घशात जातो आणि घन भाग तोंडातच राहतो. आजी प्रेमाने देते ते हेच पदार्थ असतात, म्हणून हे आजीलाही समजावून सांगावे लागते. सुरुवात एकजीव, गुळगुळीत पदार्थाने करावी. खिमट, नाचणीचे सत्त्व, गाळलेला चिकू, रताळे, तूप घालून घोटलेला मऊ वरण-भात.

किती घट्ट, हे ‘जरा दाटसर’ या शब्दांत सांगून भागत नाही. त्यासाठी आयडीडीएसआय या, अन्नाच्या दाटपणाच्या पातळ्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची, जगभर वापरली जाणारी चाचणी आहे आणि ती नळीवरच्या मुलाच्या घरात असणाऱ्या १० मिलीच्या सिरिंजनेच होते. सिरिंजवरची शून्यापासून १० पर्यंतची पट्टी ६१.५ मिलीमीटर आहे ना, हे एकदा फूटपट्टीने पाहून घ्यावे. दट्ट्या काढायचा, खाली बोट लावून १० मिलीपर्यंत पदार्थ भरायचा, बोट काढून बरोबर १० सेकंदांनी पुन्हा लावायचे. १ मिलीहून कमी उरले तर ते साधे पातळ, १ ते ४ उरले तर किंचित दाट, ४ ते ८ म्हणजे थोडे दाट, ८ च्या वर म्हणजे मध्यम दाट. काहीच वाहिले नाही तर तो चमच्याने खायचा पदार्थ. थेरपिस्टने ‘मध्यम दाट’ लिहिले असेल तर घरी तेच बनते आहे की नाही, हे अर्ध्या मिनिटात कळते.

ही चाचणी भरवण्याच्या तापमानालाच करावी. नाचणीची पेज गॅसवरून उतरल्यावर वाहती असते आणि वाटीत पाच-दहा मिनिटे राहिली की खळीसारखी घट्ट होते. उलटही घडते. तोंडात जाऊन आलेला चमचा पुन्हा वाटीत बुडाला की लाळेतल्या अमायलेजमुळे पिष्टाची पेज पातळ होऊ लागते, आणि जेवण संपत येते तेव्हा मूल भलतेच काहीतरी पीत असते. शेवटच्या चमच्यांनाच ठसका का लागतो, याचे उत्तर बऱ्याचदा इथे सापडते. दोन वाट्या ठेवाव्या. मोठी झाकून, आणि छोटीत एका वेळी तीन-चार चमचेच. दाटपणा आणणारी झँथन गमची तयार पावडर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दुधात घालू नये, आतड्यांना धोका असतो. बाटलीत तांदळाचे पीठ घालून निपलचे भोक मोठे करणे तर नकोच.

दुसरा मुद्दा कॅलरींचा. वरणाचे वरचे पाणी किंवा भाताची निवळ यांनी पोट भरते, वजन वाढत नाही. मग वजन न वाढल्याचा दोष नळी सोडवण्याच्या प्रयत्नांवर येतो. नळीवरच्या मुलाला सुरुवातीला चार-पाच चमचेच खाता येते, म्हणून त्या चमच्यांतच ताकद हवी. २० ग्रॅम तांदूळ-मूगडाळीच्या पिठाच्या खिमटात सुमारे ७० कॅलरी असतात. ५ मिलीच्या एक चमचा तुपाने त्यात सुमारे ४० ची भर पडते.

मुलाने गुळगुळीत पदार्थ सहज घेतला की पुढे बारीक, ओलसर दाणे. लहान मुलासाठी दाणा २ मिलीमीटरचा. त्यानंतर ८ मिलीमीटरपर्यंतचे मऊ तुकडे, पण मूल चावते आहे हे पाहूनच. खारी, चुरमुरे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे या मुलांना देऊ नयेत. खारीचे पापुद्रे टाळूला चिकटतात आणि मग एकदम सुटून घशात जातात.

बसवण्यात पुष्कळ काही आहे. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. पाय लोंबत असतील तर मुलाची सगळी शक्ती धड सावरण्यात जाते. खाली लाकडी पाट किंवा वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधून ठेवला तरी चालतो. चमचा उथळ आणि छोटा घ्यावा. आपल्या स्टीलच्या खोल चमच्यातले अन्न काढायला वरचा ओठ पुरत नाही, मग आई चमचा वरच्या हिरडीवर पुसून घेते आणि ओठ मिटायला शिकतच नाहीत. चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच खाली दाबावा, ओठ मिटेपर्यंत थांबावे, सरळ बाहेर काढावा. पहिला घोट गेल्याशिवाय दुसरा चमचा नाही. वीस मिनिटे, फार तर तीस. त्यापुढे मूल दमते आणि दमलेल्या मुलाच्याच घशात अन्न अडकते.

नाक दाबून, हात धरून, रडताना तोंड उघडले की चमचा सारून भरवू नये. रडताना श्वास आत ओढला जातो आणि अन्न त्याबरोबर जाते. शिवाय त्या एका जबरदस्तीने पुढच्या अनेक जेवणांना मूल तोंड घट्ट मिटते. मोबाइलवर कार्टून लावून भरवण्याबद्दलही आमचे मत ठाम आहे. घास जातात खरे, पण मुलाचे लक्ष तोंडात नसते, आणि मोबाइल बंद झाला की खाणेही बंद होते. ओकारी येणे मात्र वेगळे. ती शरीराची राखण आहे. थांबावे, शांत राहावे, मुलाने स्वतः पुन्हा तोंड पुढे केले तर द्यावे.

आठवडे नीट गेले आणि अचानक सगळे थांबले, तर आधी पोट साफ होते का ते पाहावे. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला भूक लागत नाही आणि याकडे फार उशिरा लक्ष जाते. मग हिमोग्लोबिन, कारण लोह कमी असले तरी खाण्यावरची वासना जाते. मग दात येणे, तोंड येणे, सर्दी. पावसाळ्यात एका सर्दीने मूल दोन पायऱ्या मागे जाते. त्या दिवसांत नळीतून पूर्ण फीड द्यावे आणि बरे झाल्यावर पुन्हा सुरू करावे. दमट हवेत घामाने टेप सुटतो, ओकारीने नळी वर सरकते. म्हणून दर फीडआधी नाकपुडीजवळची खूण पाहावी आणि नळीतून आलेला द्राव आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी दाखवतो का ते तपासावे. आम्ल कमी करणारे औषध चालू असेल तर आकडा वर जाऊ शकतो, अशा वेळी आणि शंका असेल तेव्हा फीड न देता रुग्णालयात विचारावे. हवा मारून स्टेथोस्कोपने आवाज ऐकणे भरवशाचे नाही. काही मुलांना नाकाऐवजी पोटाला भोक पाडून थेट जठरात नळी बसवलेली असते; ही पोटातली नळी निघून आली तर भोक काही तासांत आवळू लागते, तेव्हा लगेच निघावे आणि निघालेली नळी बरोबर न्यावी.

नळी काढायची केव्हा? नाकातली नळी खाण्यात अडथळाच करते, म्हणून मूल बहुतेक गरज तोंडाने भागवू लागले की डॉक्टरांच्या सल्ल्याने ती लवकर काढून पाहता येते. लागली तर पुन्हा घालता येते. पोटातली नळी काढायला घाई करू नये. अन्न, पाणी आणि औषधे तिन्ही तोंडाने, वजन वाढते आहे आणि मध्ये एखादे आजारपण नळी न वापरता निभावले आहे, असे काही महिने गेल्यावर तो निर्णय घ्यावा.

आता मागणीकडे. या एका पानावर पुढील गोष्टी असाव्यात: नळी कशासाठी घातली, कोणत्या मापाची, कधी बदलायची, गिळण्याची तपासणी झाली का, नसेल तर तारीख, सध्या तोंडाने काय आणि किती दाट चालेल, फीडचा पुढचा टप्पा कोणता, वजन किती घटले तर थांबायचे, आणि नळी काढण्याचा निर्णय कोणत्या विभागात, कोणत्या वारी होतो. हे पान भरायला माणसे हवीत. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत आणि नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात स्पीच थेरपिस्ट घडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे आणि त्यात ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्टचे पदही धरलेले आहे. महापालिकेने उपनगरी रुग्णालयांतही गिळण्याच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला थेरपिस्ट आठवड्यातून किमान दोन दिवस बसवावा. विरार किंवा बदलापूरहून नळी लावलेले मूल घेऊन सकाळच्या लोकलने दर आठवड्याला परळला येणे कोणालाही शक्य नाही. मधल्या आठवड्यांत पालकांनी जेवणाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा, बाजूने काढलेला, ज्यात मान, ओठ आणि चमचा तिन्ही दिसतील, आणि थेरपिस्टने त्यावर दोन ओळी कळवाव्यात. ही सोय सरकारी ओपीडीच्या वेळापत्रकात अधिकृतपणे धरली जावी.

आपले,
मुलांच्या आहार व गिळण्याच्या उपचारांत काम करणारे काही थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ, मुंबई